साठ ग्रॅम भात

गोपिकाबाईंना पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी त्यांच्यावर चिडले, आणि पुढचा महिनाभर रोज एकदा तरी चिडत राहिले. माझा स्वभावच तसा आहे. आहारतज्ज्ञ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोड बोलणारी, हसतमुख बाई येते. मी तशी नाही. माझा विश्वास वजनकाट्यावर, आणि काट्यावर न घातलेलं काहीही माझ्या वॉर्डात कुणाच्या तोंडात गेलं तर मी आकाशपाताळ एक करते. निदान तेव्हा तरी करत होते.

नागपुरातल्या एका रुग्णालयात आमचा अभ्यास चालू होता. मनोविकारतज्ज्ञ डॉ. देवतळे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. विषय होता खाण्याचे आजार. म्हणजे पोट बिघडणं नव्हे. ॲनोरेक्सिया नर्व्होसा नावाचा आजार आहे. त्यात माणूस, बहुतेक वेळा वयात आलेली मुलगी, खाणं कमी करत करत अशा टोकाला जाते की शरीर स्वतःलाच खायला लागतं, आणि तरीही आपण जाडच आहोत असं तिला वाटत राहतं. हे बड्या देशांतलं खूळ आहे, आपल्याकडे नसतंच, असं म्हणणारे डॉक्टरसुद्धा मला भेटले आहेत. आमच्या वॉर्डात सहा खाटा होत्या, आणि दोन वर्षांत एकही खाट आठवडाभर रिकामी राहिली नव्हती. या मुलींना आपल्याच जेवणावर, वरण-भात-पोळीवर, सुखरूप परत आणता येतं का, एवढाच आमचा प्रश्न होता. पुस्तकांतले तक्ते सगळे परदेशी जेवणाचे, आणि नागपुरी गोळाभाताचं गणित त्यात कुणी मांडून ठेवलेलं नाही.

त्यासाठी स्वयंपाकीण हवी होती. आधीची सोडून गेली, तेव्हा डॉक्टरांनी कुणाच्या तरी ओळखीनं गोपिकाबाईंना आणलं. वय अठ्ठावन्न, राहणार सक्करदरा, नवरा गोपाळराव चार वर्षांपूर्वी वारलेला. बावीस वर्षं लग्नाकार्यांत स्वयंपाक केलेला. पण त्यांचं नाव झालं होतं ते स्वयंपाकापेक्षा वाढण्यासाठी. पंगतीत आग्रह करायला गोपिकाबाई हव्यात, असं वधूपिते आधीच सांगून ठेवायचे. पाहुण्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले तर ह्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडत. एका व्याह्यानं मनगट हलवलं नाही म्हणून मनगटावरच तूप ओतलं होतं, आणि तो व्याही पुढे वर्षानुवर्षं ती गोष्ट कौतुकानं सांगत असे. पाहुणा ‘आता पुरे’ म्हणाला की खरं जेवण तिथून सुरू होतं, असा त्यांचा हिशेब.

अशा बाईच्या हातात मी काटा दिला आणि सांगितलं, भात साठ ग्रॅम.

त्यांनी वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, एवढा तं आम्ही चिमण्यांले टाकतो जी.”

मी म्हटलं, काट्यावर येईल तेवढंच द्यायचं, कमी नाही, जास्त नाही. त्यांनी विचारलं, काहून? मी म्हटलं, नियम आहे. मग नियमांचा छापील कागद पुढे केला, ‘मला सर्व नियम समजावून सांगण्यात आले आहेत’ या ओळीखाली बोट ठेवलं, आणि त्यांनी सही केली. समजावून मी काहीच सांगितलं नव्हतं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढची हकीगत ऐकताना कुणी मला निर्दोष समजू नये.

जे सांगायला हवं होतं ते असं. महिनोन् महिने उपाशी असलेलं शरीर सगळा कारभार आवरून बसलेलं असतं. त्याला एकदम पोटभर घातलं, विशेषतः भात, गूळ, साखर, की रक्तातले क्षार भराभर पेशींमध्ये ओढले जातात. फॉस्फरस खाली जातो, पायांवर सूज येते, आणि हृदय चालता चालता अडखळतं. उपाशी माणूस भुकेनं मरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो घाईच्या जेवणानंही मरू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून थोड्यावर सुरुवात करायची, रोज रक्त तपासायचं आणि पायरीपायरीनं वाढवायचं. हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही, कुणी दोन मिनिटं समोर बसून सांगितलं तर कुणालाही कळतं. माझ्याकडे ती दोन मिनिटं नव्हती.

गोपिकाबाईंचं काम फक्त रांधण्याचं नव्हतं. मुली जेवताना त्यांच्यासोबत बसायचं, कुणी भात बाहीत लपवत नाही ना ते पाहायचं आणि उरलेलं पुन्हा काट्यावर ठेवून लिहायचं, हेही होतं. त्या कुरकुर करत, पण करत. ‘खाऊन माजावं, टाकून माजू नये’ ही म्हण त्या दिवसातून चारदा ऐकवायच्या, आणि मी चारही वेळा त्यांना गप्प करायची, कारण आमच्या मुलींसमोर असलं काही बोलायचं नसतं. चार महिन्यांत एकही चूक निघाली नाही. मी निर्धास्त झाले.

फेब्रुवारीत, एका सोमवारी, उन्नती आली. जरीपटक्याची, एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. उंची सव्वापाच फूट, वजन एकतीस किलो चारशे ग्रॅम. वडील प्रीतम मिहानमधल्या एका गोदामात कामाच्या पाळीचे प्रमुख, आई रोशनी शाळेत शिक्षिका. कारण विचाराल तर एक कारण नसतं, आणि जो एक कारण सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. नातेवाईक म्हणत, शिकून शिकून वाळली. वडील पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसले ते खाली मान घालूनच. म्हणाले, आमच्या घरच्या दोन पिढ्या लेकरांना दोन वेळचं पोटभर मिळावं म्हणून राबल्या, माझी आजी स्वतः पाणी पिऊन झोपायची आणि पोरांना भाकर द्यायची, आणि आता भरलेलं ताट समोर असताना माझी पोरगी ते सारून देते. हे मी आजीला काय सांगू, असं त्यांनी मला विचारलं. त्यांची ती आजी जाऊन वीस वर्षं झाली होती.

उन्नती पहिले दोन दिवस सहा-सात चमच्यांवर गेली नाही. प्रत्येक चमच्याला वीस मिनिटं. गोपिकाबाई समोर बसून पाहायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला दिसायचं. हजारो पाहुण्यांना हरवलेल्या बाईला ही काडीसारखी पोरगी हरवत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, बेटा, तुले आवडते काय? आम्ही तिला तीनशे प्रश्नांची प्रश्नावली भरायला लावली होती, पण त्यात हा प्रश्न नव्हता. उन्नती म्हणाली, माझ्या आजीच्या हातचा गोळाभात.

आजार सुरू झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत तिनं एका पदार्थाचं नाव घेतलं नव्हतं. गोपिकाबाईंनी हे मला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी काट्यावर मोजून तिला गोळाभात दिलाही असता. पण मला सांगितलं की नियम आडवा येतो, एवढं त्या चार महिन्यांत शिकल्या होत्या.

गुरुवारी दुपारी तीनला त्यांनी पिशवीतून घरचा लहान डबा काढला. बेसनाचे तिखट गोळे भातात वाफवलेले, वर हिंगाची फोडणी. उन्नतीनं दोन घास खाल्ले. शुक्रवारी अर्धा डबा. शनिवारी डबा चाटूनपुसून साफ, आणि सोबत गुळाचा शिरा. रविवारी तसंच. कागदावर यातलं अक्षरही नाही. उन्नतीनंच सांगितलं होतं, मावशी, लिहू नका. लिहिलं तं सगळे येऊन पाहतील, आई रडेल, डॉक्टर शाबास म्हणतील, आणि कुणी खूश झालं की माझ्या घशातून घास उतरत नाही. मग तिनं गोपिकाबाईंचा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला आणि शपथ घ्यायला लावली. दुसऱ्याच्या गळ्याची शपथ मोडली तर ज्याची शपथ त्याच्यावर बेततं, हे गोपिकाबाईंनी लहानपणापासून ऐकलेलं आणि मानलेलं. त्यांनी शपथ घेतली.

मला नंतर म्हणाल्या, ते चार दिवस मी हवेत चालत होते. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा विजय होता, आणि तो कुणाला सांगता येत नव्हता.

रक्त आम्ही रोज तपासत होतो. शनिवारी फॉस्फरस जरासा खाली दिसला. फॉस्फरसच्या गोळ्या चालू होत्या, खाणं तर कागदावर चिमूटभर, म्हणून डॉक्टरांनी आणि मी तो ‘जरासा’ म्हणून सोडून दिला. रविवारचा नमुना प्रयोगशाळेत खराब निघाला. सोमवारी सकाळी सातला पुन्हा रक्त घेतलं, त्याचा निकाल एक वाजता येणार होता.

त्याच सकाळी तिचं वजन केलं. तीन दिवसांत एक किलो नऊशे ग्रॅम वाढलेलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. या आजारातल्या मुली वजनाआधी पोटभर पाणी पिऊन काट्याला फसवतात, हे मी शंभरदा पाहिलं आहे. कागदावरच्या जेवणानं एवढं वजन वाढूच शकत नाही आणि माझा कागद चुकू शकत नाही, म्हणजे पोरगी खोटं बोलतेय. मी तिची न्हाणी तपासली, तिथली दोन लिटरची बाटली उचलून आणली आणि तिच्यासमोर ठेवली. आम्ही तुझ्यासाठी मरमर मरतोय आणि तू आम्हालाच फसवतेस, असं मी तिला बोलले. आजाऱ्याला असं बोलू नये हे मी इतरांना शिकवते.  उन्नतीनं फक्त गोपिकाबाईंकडे पाहिलं. त्या दाराशी ट्रे घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांनी नजर खाली वळवली.

आदल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या की पोरीचा चेहरा भरला, बाळसं धरून राहिली. मी लक्ष दिलं नव्हतं. चेहरा खरंच भरला होता, पण मांसानं नव्हे.

साडेदहाला मधल्या खाण्याची वेळ. दोन चमचे दही समोर ठेवलं, तर उन्नतीच्या हातून चमचा सुटला. उचलला, पुन्हा सुटला. बोटांना मुंग्या येतात म्हणाली. धाप लागल्यासारखी बोलत होती. गोपिकाबाई चमचा उचलायला वाकल्या, तेव्हा त्यांना तिचे घोटे दिसले. मोज्याचा काठ चामडीत रुतलेला, वर फुगवटा. त्यांनी मोजा खाली केला आणि अंगठ्यानं घोट्यावर दाबलं. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. गोपाळरावांच्या शेवटच्या महिन्यात त्या रोज सकाळी असंच दाबून पाहायच्या. तो खड्डा त्यांच्या ओळखीचा होता.

पुढची दहा मिनिटं त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहेत की मी स्वतः तिथं असल्यासारखी वाटतात. त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याला धरून उभ्या राहिल्या. सांगितलं तर शपथ मोडते आणि पोरीवर बेततं. नाही सांगितलं तर हा खड्डा. हिला झालंय काय आणि त्याचा डब्याशी संबंध आहे का, हेही त्यांना नक्की माहीत नव्हतं, कारण माहिती असायला कुणी सांगितलेलंच नव्हतं. एवढं मात्र कळत होतं की साऱ्या वॉर्डात एकच गोष्ट अशी आहे जी कागदावर नाही, आणि ती त्यांच्या पिशवीत आहे. त्या दिवशीचाही डबा भरून आणलेला होता.  एकदा वाटलं, डबा मोरीत ओतावा आणि गप्प राहावं. त्यांनी झाकण उघडलंसुद्धा.

इकडे डॉक्टरांच्या खोलीत आमचं ठरत होतं. आठवा दिवस, कागदाप्रमाणे आज पायरी चढायची, जेवण वाढवायचं. डॉक्टरांनी विचारलं, निकाल येईपर्यंत थांबू या का? मी म्हटलं, खातेय चिमणीएवढं, वजन पाण्याचं आहे, थांबून काय मिळणार? माझे हे शब्द मला पाठ आहेत. दुपारच्या जेवणाला दीड तास होता.

तेवढ्यात गोपिकाबाई न विचारता आत आल्या. हातात डबा होता. तो त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर, कागदांवरच ठेवला.

“मॅडम, पोरगी खोटी नाही बोलून राहिली. मी खोटी बोलून राहिली. चार दिवस झाले, तिले हा डबा देतो मी. ती खाते. अन् आता तिच्या पायावर सूज हाय, दाबलं तं खड्डा पडते.”

डॉ. देवतळे उभे राहिले. त्यांनी फक्त विचारलं, किती?

लग्नाला हजार माणसांचा भात नजरेनं टाकणारी बाई. त्यांनी ग्रॅममध्ये सांगितलं. भात अडीचशे, बेसन ऐंशी, शिरा शंभरावर, गूळ पुरा. डबा त्यांनी रोज घरून आणून आमच्याच काट्यावर ठेवून पाहिला होता. पोरीच्या पोटात किती गेलं हे त्यांना स्वतःसाठी माहीत हवं होतं.

डॉक्टर पळाले. 

मी प्रयोगशाळेला फोन केला, तेव्हा निकाल तयार होता. फॉस्फरस हव्या त्या प्रमाणाच्या निम्म्याच्याही खाली. हृदयाच्या आलेखात ठोके चुकत होते. अर्ध्या तासात उन्नती अतिदक्षता विभागात, दोन्ही हातांत सुया, छातीवर तारा. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले की दुपारी आपण जेवण वाढवलं असतं तर संध्याकाळ दिसली नसती. आताही काही सांगता येत नाही. चोवीस तास जाऊ देत.

आई-वडील आले. काय झालं ते मी सांगायला लागले. गोपिकाबाई पुढे झाल्या आणि त्यांनीच सगळं सांगितलं, हात न जोडता, न रडता. प्रीतम ऐकता ऐकता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, रोशनीताई आता गोपिकाबाईंच्या अंगावर धावून जाणार. त्या जवळ आल्या आणि विचारलं, “तिनं खाल्लं? सोताच्या हातानं?” गोपिकाबाईंनी मान हलवली. “पुरा डबा?” पुन्हा मान हलवली. तेव्हा रोशनीताई तिथंच फरशीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. तिकडे पोरगी जिवाशी झगडत होती आणि इथं त्या बाईच्या पोटात आनंद मावत नव्हता, आणि तो झाला याची लाजही. मला तो चेहरा विसरता येत नाही.

मंगळवारी दुपारपर्यंत गोपिकाबाई बाकावरून हलल्या नाहीत. पाण्याचा थेंब घेतला नाही. मी समजूत घालायला गेले तर त्यांनी एकच विचारलं, शपथ मोडली म्हणून झालं का हे? तेव्हा मी त्यांच्याशेजारी बसले आणि चार महिन्यांपूर्वी सांगायचं ते सांगितलं. उपाशी शरीर, भात, गूळ, क्षार, हृदय. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, “हे मले पहिलेच सांगितलं असतं, तं मी त्या लेकराले एक दाणा वरता दिला नसता. तुम्हाले वाटलं, स्वयंपाकीण हाय, तिले काय समजते.”

  लोक म्हणतात, शहाण्याला शब्दाचा मार. तो मार मी त्या बाकावर खाल्ला आणि फार उशिरा शहाणी झाले.

मंगळवारी संध्याकाळी ठोके सरळ झाले. गुरुवारी सूज उतरू लागली आणि उन्नती वॉर्डात परतली. नियमाप्रमाणे झालेल्या प्रकाराचा अहवाल नीतिसमितीकडे गेला, अभ्यास थांबला, उन्नतीचे आकडे अभ्यासातून बाद झाले. डॉक्टरांचं म्हणणं होतं की गोपिकाबाईंना काढावं लागेल. मी समितीला लिहून दिलं की सहीचा कागद खोटा आहे, समजावून सांगितल्याचं खोटं मी लिहून घेतलं, काढायचं तर मला आधी काढा. तो निर्णय व्हायचा होता. पण आम्हाला खरी धास्ती वेगळीच होती.

परत आल्यापासून उन्नतीनं अन्नाला हात लावला नव्हता. एक चमचाही नाही. अतिदक्षता विभागात कुणीतरी तिच्या खाटेशीच बोलताना सगळं बोलून गेलं होतं, आणि तिनं ते ऐकलं होतं. तिचा आजार तिला आठ महिने एकच गोष्ट सांगत आला होता की खाल्लंस तर तुझं काही खरं नाही. आम्ही सगळे म्हणत होतो, तो आजार खोटारडा आहे, ऐकू नकोस. आणि आता ती खाऊन मरता मरता वाचली होती. आजाराला साक्षीदार मिळाला होता. मी बोलले, डॉक्टर बोलले, आई पाया पडली. ती शांतपणे म्हणायची, तुम्हीच पाहिलं ना. शुक्रवारी दुपारीही असंच गेलं तर नाकातून नळी घालायची असं ठरलं, आणि नळी घातलेल्या मुली पुढे आमच्याकडे कधी विश्वासानं पाहत नाहीत, हे मला ठाऊक होतं. 

त्या दुपारचं ताट मी न्यायला निघाले, तर गोपिकाबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं. त्यांनी आत जावं की नाही हे विचारायला मी डॉक्टरांकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. दाराशी उभी राहिले.

त्यांनी ताट ठेवलं, समोर स्टुलावर बसल्या. उन्नतीनं तोंड खिडकीकडे फिरवलं.  मग तीच म्हणाली, “तुम्ही सांगितलं काहून?”

“तू गेली असती म्हणून.”

“खाल्लं म्हणून गेली असती. मी हेच म्हणत होती सगळ्यांले. कोणी ऐकलं नाही.”

 मला वाटलं, आता गोपिकाबाई रडतील, शपथा घालतील, अन्न पूर्णब्रह्म सुरू होईल. त्यांनी तसं काही केलं नाही.

“बेटा, माह्यं ऐक. चूक अन्नाची नाही. चूक माह्या हाताची हाय. मले लोकांचं ‘पुरे’ ऐकू येत नाही, जलमभर नाही आलं. तुह्यं शरीर ‘पुरे’ म्हणून राहिलं होतं, अन् मी वाढतच होती. तू जे खाल्लं ते खरं खाल्लं, चांगलं खाल्लं. जास्त वाढलं ते मी. राग धरायचा तं माह्यावर धर. गोळाभातावर नको धरू, त्यानं तुह्यं काही नाही बिघडवलं.”

उन्नती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच काहीतरी जिवंत पाहिलं. ती म्हणाली, तुमच्यामुळे मी मेली असती. गोपिकाबाई म्हणाल्या, हो. ती म्हणाली, तुम्ही शपथ घेऊन मोडली. गोपिकाबाई म्हणाल्या, हो, मोडली, आणि पुन्हा असं काही असेल तर पुन्हा मोडीन, तुले आत्ताच सांगून ठेवतो. तिनं आणखी बरंच काही म्हटलं, ओरडूनही म्हटलं. दर वेळी त्या हो म्हणाल्या. एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. पंधरा-वीस मिनिटं असं चाललं, आणि मग तिच्याजवळचं बोलणं संपलं.

तिनं चमचा उचलला.  एक घास खाल्ला आणि छातीवर हात ठेवून थांबली, ठोके मोजत असावी. गोपिकाबाईंनी डोळे मिटले होते. दुसरा घास गेला, तिसरा गेला. चौथ्यानंतर तिनं चमचा ताटात ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती, आता ही बाई म्हणणार, अजून एक घे, माझ्यासाठी एक. मीही तेच म्हणणार होते, दारातूनच. शब्द ओठांवर आला होता.

गोपिकाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

“पुरे,” उन्नती म्हणाली.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि ताट उचलून काट्यावर ठेवलं. आकडा मला सांगितला. मी लिहिला. त्या दाराबाहेर आल्या, भिंतीला टेकल्या, आणि मग त्यांना रडू कोसळलं. आत उन्नती छातीवर हात ठेवून पडली होती. पुढचं खाणं साडेचारला होतं, आणि ती ते खाईल की नाही हे आम्हा दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.